गाठ अडली सांगलीत, सुटली साताऱ्यात

वळवाच्या पावसाने फांदी पुरती मोडली असती तर बरे झाले असते. सांगली-मिरज रस्त्यापासून जरा आत, एका दाट वस्तीतल्या जुन्या वर्षावृक्षावर ती सालीच्या चिवट धाग्यांना धरून लोंबकळत राहिली. खाली पोरांच्या खेळण्याची जागा. शिडी पोचत नव्हती आणि बोळात क्रेन शिरत नव्हती. म्हणून दोर घेऊन साताऱ्याहून आम्ही काही जण गेलो होतो. वर चढला तो आमच्यातला सगळ्यात तयारीचा गडी. साताऱ्याच्या आसपासचे कातळकडे चढण्या-उतरण्यात तरबेज झालेला, दोर हाताळताना कधीही घाई न करणारा.

फांदी व्यवस्थित कापली, दुसऱ्या दोराने बांधून खाली सोडली. वस्तीने टाळ्या वाजवल्या. आता फक्त खाली उतरायचे होते, आणि तिथेच सगळे थांबले. त्याच्या कमरेच्या हार्नेसला आणि उभ्या दोराला जोडणारी गाठ हलेना.

झाडे छाटण्यात ज्यांची हयात गेली असे एक आबा त्या वस्तीत राहतात. ते झाडाखाली मान वर करून उभे होते.

"काय झालं रं?"

"गाठ अडलीय, आबा."

"मग ढकल की खाली."

"माझंच वजन हाय तिच्यावर. ढकलू कशी?"

हा सवाल-जवाब ऐकून वस्तीतली पोरे हसली. आम्ही हसलो नाही. हार्नेसमध्ये पाय न हलवता लटकून राहिले की मांड्यांवरच्या पट्ट्यांमुळे पायांतले रक्त नीट वर परतत नाही. आधी मुंग्या येतात, मग घाम फुटतो, चक्कर येते आणि वेळीच सुटका झाली नाही तर शुद्धही हरपू शकते. वर लटकलेल्या माणसाला हे चांगले ठाऊक होते. तो पाय झाडत राहिला.

त्याने कमरेची जादा कॉर्ड काढली, अडलेल्या गाठीच्या वर दोरावर तिची नवी गाठ मारली आणि तिच्या लोंबत्या फासात पाय घालून उभा राहिला. शरीराचे वजन पायावर गेले आणि अडलेल्या गाठीवरचा ताण उतरला. मग अंगठ्यांनी चोळून, वेढे एकमेकांपासून फाकवून त्याने ती ढिली केली, पायाची गाठ सोडवली आणि आधीची गाठ मुठीत धरून तो सरसर खाली आला. पाय इतके बधिर झाले होते की हळूहळू उतरण्याचे भान त्याला उरले नव्हते. त्या सरसरीचा हिशेब पुढे साताऱ्यात द्यावा लागणार होता.

तेव्हा आमचे निदान सोपे होते. गाठ फार घट्ट झाली, वेढे जास्त पडले. साताऱ्याला परतल्यावर जावळीतल्या एका मित्राच्या शेतात, आंब्याच्या जुन्या झाडावर तोच दोर टाकला. तीच कॉर्ड, तीच गाठ, तेवढेच वेढे, माणूसही तोच. बेचक्यावरून दोर टाकून दोन्ही पदर खाली घेतले. एक पदर हार्नेसला पक्का बांधला आणि दुसऱ्या पदरावर ती गाठ. जमिनीपासून हातभर उंचीवर तो बसला, गाठ खाली ओढली, सोडली आणि थेट मातीवर आपटला. गाठीने दोर पकडलाच नाही. पुन्हा बसला. या वेळी पकडला, पण वीतभर घसरून.

सांगलीत जी गाठ हलत नव्हती, ती साताऱ्यात थांबत नव्हती.

अशा वेळी माणूस आधी वस्तूवर संशय घेतो. पहिला संशयित ओल. सांगलीत पाऊस पडून गेला होता, आंब्याखाली कोरडे होते. आम्ही दोर आणि कॉर्ड भिजवून पुन्हा बसलो. वागणूक थोडी बदलली, पण घसरणे गेले नाही. दुसरा संशयित जाडी. कॉर्ड मुख्य दोरापेक्षा पुरेशी बारीक नसेल तर वेढे चावत नाहीत आणि फारच बारीक असेल तर इतके चावतात की सुटत नाहीत. आमचा दोर ११ मिलिमीटरचा आणि कॉर्ड ६ मिलिमीटरची. ही जोडी सर्रास वापरली जाते, तिच्यात खोट नव्हती. तिसरा संशयित बांधणी. वेढे एकमेकांवर चढले, आडवे-तिडवे बसले तर गाठ बिघडते. आमचे वेढे शेजारी-शेजारी, नीट लागलेले होते.

चौथा संशयित आबांनी दाखवला. लेकीकडे साताऱ्याला आले होते, तेव्हा शेतावरही आले. कॉर्ड हातात घेऊन त्यांनी अंगठ्याने चाचपली आणि एका जागी थांबले.

"ही हितं चकाकतीया बघ. कडक बी झालीया."

दोराला घासणाऱ्या बाजूला बोटभर पट्टा खरोखरच गुळगुळीत झाला होता. नायलॉन २२० ते २६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. कोणत्या प्रकारचे नायलॉन आहे त्यावर नेमका आकडा ठरतो. संपूर्ण वजन गाठीवर घेऊन भरभर उतरले की घर्षणाची सगळी उष्णता त्या बोटभर कॉर्डमध्ये साठते आणि वरचे धागे वितळून एकमेकांना चिकटतात. सांगलीतल्या सरसरीची ती खूण होती. असा कडक पट्टा दोराभोवती वळायला नाखूश असतो. ती कॉर्ड आम्ही लगेच कापून टाकली, म्हणजे चुकून कोणी पुन्हा वापरू नये.

नवी कॉर्ड लावली. मातीवर आपटणे थांबले. पण गाठ अजूनही उशिराच पकडत होती. म्हणजे चकाकी हा साथीदार होता, मुख्य आरोपी नव्हे.

इथे गाठीचा वंश पाहणे भाग पडले. आमची गाठ कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाची. हा संगीताचा माणूस. पहिल्या महायुद्धाच्या काळात तुटलेल्या तंतुवाद्यांच्या तारा जोडताना त्याला ही गाठ सापडली, असे सांगतात. १९३१ मध्ये त्याने ती ऑस्ट्रियातल्या एका गिर्यारोहण नियतकालिकात छापली. बारीक कॉर्डचा बंद फास जाड दोराभोवती दोन-तीनदा स्वतःमधूनच ओवायचा. ताण नसताना गाठ वर सरकते, ताण आला की दोराला घट्ट धरते. हिमदरीत पडलेल्या माणसाला स्वतःच्या दोरावरून वर येता यावे, हा तिचा उपयोग. म्हणजे तिने पकडावे ही मुख्य अपेक्षा. ताणाखाली सुटावे ही अपेक्षा तिच्याकडून नव्हतीच. वर येताना माणूस एका फासावर उभा राहून दुसऱ्याचा ताण काढतो आणि मगच तो सरकवतो. सांगलीत सुटका झाली ती नेमकी याच रीतीने.

झाडावर काम करणाऱ्याची गरज वेगळी. त्याला दिवसभरात शंभरदा थोडे खाली, थोडे बाजूला सरकायचे असते आणि तेही गाठीवर बसूनच. त्यासाठी जुने पाश्चात्त्य वृक्षकर्मी टॉटलाइन नावाची गाठ वापरत. ती हळूहळू पिळवटत जाई, तिच्याकडे सतत लक्ष द्यावे लागे. मग हाइन्झ प्रोहास्का या ऑस्ट्रियन माणसाने एक वेगळी गाठ मांडली. १९८१ मध्ये ती ऑस्ट्रियात छापून आली आणि १९९० मध्ये गुहा-संशोधकांच्या 'नायलॉन हायवे' या अमेरिकी नियतकालिकात. झाडांवर काम करणाऱ्यांपर्यंत ती पोचली नाही. पुढे जेसन ब्लेक या वृक्षकर्मीला तीच गाठ स्वतंत्रपणे सापडली. १९९४ मध्ये त्याने 'आर्बर एज' या वृक्षकर्मींच्या मासिकाला पत्र लिहिले आणि आज जग तिला ब्लेकची गाठ म्हणते. तिचे चार वेढे दोराभोवती एकाच दिशेने वर जातात आणि मोकळे टोक खालच्या दोन वेढ्यांखालून बाहेर निघते. वजन असतानाही वरून हाताने दाबले की ती सरकते.

मग प्रुसिक टाकून ब्लेक घ्यायची, संपले? आम्हीही क्षणभर तेच ठरवले. आंब्यावर ब्लेक छान चालली. तोच दोर एकेरी करून, वर पक्का बांधून, तिच्यावर पूर्ण वजन टाकले तर ती तापू लागली आणि सरकवायला दोन्ही हात लागले. गाठ बदलली तरी भांडण तेच राहिले. म्हणजे उत्तर गाठीत नव्हते.

ते आबांच्या तोंडून आले, तेही वेगळ्याच निमित्ताने. मित्राचा नवा खोंड दावणीला येईना, ओढाओढ चालली होती. आबांनी कासरा त्याच्या हातातून घेतला, बांधावरच्या बाभळीच्या बुंध्याला दोन वेढे मारले आणि टोक दोन बोटांत धरून उभे राहिले. खोंडाने जीव खाऊन ओढले, पण कासरा हलला नाही.

"मी कुठं धरतोय? झाडच धरतंया की त्येला."

आमच्यातल्या एकाचे शिक्षण सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातले. त्याच्या डोक्यात कप्पीवरच्या पट्ट्यांचा जुना धडा जागा झाला. अठराव्या शतकात लेओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने खांबाभोवती गुंडाळलेल्या दोराचे गणित मांडले. दोराच्या दोन टोकांवरच्या ताणांचे गुणोत्तर वेढ्यांबरोबर बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने धरणाऱ्याची ताकद साडेसहापट होते, दोन वेढ्यांनी त्रेचाळीसपट, आणि तीन वेढ्यांनी २८५च्या घरात जाते. एक वेढा कमी-जास्त होण्याचा परिणाम इतका मोठा का, हे त्यातून कळतेच. पण त्याच्या तोंडून त्या क्षणी निघालेले वाक्य वेगळे होते.

"अरे, आपला दोर आंब्याच्या बेचक्यावरूनही अर्धा वेढा घेऊनच येतोय!"

आम्ही सगळे गाठीकडे पाहत होतो. फांदीकडे कोणीच पाहिले नव्हते.

त्याने मातीवरच काडीने हिशेब मांडला. माणूस ७० किलोचा. दोर एकेरी आणि वर पक्का बांधलेला असेल तर सगळेच्या सगळे ७० किलो गाठीवर. दोर दुहेरी आणि वर गुळगुळीत फिरणारी कप्पी असेल तर वजन दोन पदरांत सारखे वाटले जाते, गाठीवर ३५. पण दोर खरबरीत सालीवरून जात असेल तर उतरताना तो गाठीच्या पदराकडून बांधलेल्या पदराकडे सरकतो आणि फांदी आपला वाटा खाते. गुणांक ०.३ असेल तर गाठीच्या वाट्याला साधारण २० किलो येतात. साल आणखी खरबरीत, गुणांक ०.५, तर जेमतेम १२.

एकच माणूस, एकच दोर, एकच गाठ. आणि तिच्यावरचा भार कुठे ७०, कुठे १२.

मित्राच्या घरात शेतमालाची पोती तोलायचा हुकाचा डिजिटल काटा होता. तो गाठ आणि हार्नेस यांच्या मधे अडकवला, गुडघाभर उंचीवर माणूस बसवला आणि तिन्ही प्रकार करून पाहिले. आकडे हलत होते, माणूस जरा कलला तरी बदलत होते, पण त्यांचा क्रम एकदाही मोडला नाही. एकेरी दोरावर सर्वांत जास्त, कप्पीवर त्याच्या निम्म्याजवळ, आंब्याच्या सालीवर त्याहून बरेच कमी.

आता दोन्ही गावांचे कोडे एकदमच उलगडले. सांगलीत दोर एकेरी होता. आमच्या कडेवाल्याने वरच्या फांदीला तो पक्का बांधला आणि सगळा देह तीन वेढ्यांच्या प्रुसिकवर टाकला. करवत चालवताना बसणाऱ्या प्रत्येक हिसक्याने वेढे दोराच्या आवरणात आणखी रुतत गेले. कड्यावर ही गाठ त्याने नेहमी वापरलेली होती, पण तिथे ती उतरण्याच्या साधनाच्या खाली, राखीव म्हणून असते. फिगर-ऑफ-एटसारखे धातूचे साधन बहुतेक वजन पेलते आणि गाठीला फक्त हाताने धरावा लागणारा थोडासा ताण येतो. म्हणून तिथे ती चटकन सुटते. कड्यावर लहान काम करणाऱ्या गाठीला झाडावर सगळा संसार उचलायला लावला होता.

साताऱ्यात उलट झाले. वेढे बंद व्हायला कॉर्डला आधी स्वतःचा ताठरपणा मोडावा लागतो आणि त्याला किमान एक ओढ लागते. आंब्याच्या सालीने भार इतका खाल्ला होता की ती ओढच उरत नव्हती. नवी कॉर्ड ताठ, जुनी वितळून ताठ. वेढे दोराला न भिडता नुसते भोवती राहत आणि माणूस पुरेसा खाली आल्यावर झटक्याने मिटत.

एकदा भाराचा हिशेब हाती आला तशा बाकीच्या तक्रारींनाही जागा सापडली. गाठ उशिरा पकडत असेल तर वर फांदीवर धातूचे कडे किंवा कप्पी लावून तिच्यावरचा भार वाढवायचा आणि कॉर्ड मऊ घ्यायची. सालीवर दोर न घासल्याने झाडालाही जखम होत नाही, हा वरचा फायदा. गाठ अडत असेल तर वेढा कमी करण्याआधी विचारायचे, भार कमी करता येईल का? एकेरी दोरावर काम करणाऱ्या वृक्षकर्मींना हाच प्रश्न पडला होता. केविन बिंगहॅम या अमेरिकी वृक्षकर्मीने त्यावर गाठीच्या वर बसणारे 'रोप रेंच' नावाचे छोटे साधन बनवले. दोराला किंचित वाकडे करून ते भाराचा काही भाग स्वतः घेते आणि उरलेल्यावर तीच गाठ शहाण्यासारखी वागते. आंब्याच्या सालीने जे आपोआप केले, तेच या साधनाने मोजून-मापून केले.

कड्यावरच्या राखीव गाठीची एक खोडही अशीच गाठीबाहेरची निघाली. तिचा फास लांब राहिला तर लटकताना ती वरच्या उतरण्याच्या साधनाला जाऊन टेकते. टेकली की तिचे वेढे ढकलले जातात आणि ऐन गरजेच्या वेळी ती सुटते. दोष फासाच्या लांबीत असतो, नाव मात्र गाठीचे खराब होते.

यानंतर गटाचा एक रिवाज ठरला. झाडावर कोणतीही गाठ वापरायची ती आधी गुडघाभर उंचीवर पूर्ण वजनाने बसून, सरकवून, थांबवून पाहायची. झाडाखालची चाचणी वर चालेल असे मात्र गृहीत धरायचे नाही. वर जाऊन दोर दुसऱ्या बेचक्यात घेतला, एकेरीचा दुहेरी केला, कप्पी लावली किंवा काढली, की गाठ तीच असली तरी ती नवी समजायची आणि जुना आधार न सोडता तिच्यावर बसून पुन्हा पाहायचे. सोबत नेहमी एक जादा कॉर्ड, पाय घालून उभे राहता येईल एवढी. आणि चकाकलेली कॉर्ड त्याच दिवशी कापायची.

हे सगळे आबांना समजावून सांगताना मला जाणवले की ज्यांना याची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत हे पोचतच नाही. आबा जन्मभर झाडावर चढले ते हाताच्या आणि पायाच्या जोरावर. दोर असे, पण फांदी सोडायला. स्वतःच्या कमरेला कधी नाही. सातारा-सांगलीच्या गावागावांत विजेच्या तारांजवळच्या, शाळांवर झुकलेल्या, रस्त्यावर लोंबणाऱ्या फांद्या उतरवणारे बहुतेक जण असेच चढतात. ज्यांच्याकडे दोर, हार्नेस आणि प्रशिक्षण आहे ते रविवारी कड्यांवर जातात. जे रोज झाडावर जातात त्यांच्याकडे यातले काहीच नाही.

आणि झाडे तर आहेत. जावळी तालुक्यातल्या वडाच्या म्हसव्याच्या वडाचा घेर १८८२ मध्ये ली-वॉर्नर नावाच्या गृहस्थांनी मोजला तेव्हा १,५८७ फूट भरला होता. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा वड महामार्गाच्या आड आला, तेव्हा २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवून रस्त्याची आखणी बदलून घेतली. पुढे २०२२ मध्ये तो वड कोसळला. रस्त्यापासून झाड वाचवणे हा एक लढा. त्यानंतर त्याच्या माथ्यावर जाऊन वाळलेल्या, चिरलेल्या, जड झालेल्या फांद्यांचा भार वेळच्या वेळी हलका करणे हे कायमचे काम. ते करायला वर जाणारी आणि सुखरूप खाली येणारी माणसे लागतात.

प्रोहास्काची गाठ छापून आली होती, तरी ती वृक्षकर्मींपर्यंत पोचायला ब्लेकला ती पुन्हा शोधावी लागली, कारण एकाचे लेखन दुसऱ्याच्या वाचनात नव्हते. आपल्याकडे तर अंतर त्याहून मोठे आहे. कडेवाल्यांची माहिती इंग्रजी पुस्तकांत आणि झाडतोड्यांची त्यांच्या हातांत. चकाकलेला पट्टा आबांच्या अंगठ्याने ओळखला आणि वितळबिंदूचा आकडा पुस्तकाने सांगितला. बाभळीचा वेढा आबांनी मारला आणि त्याचे गणित वालचंदच्या पोराने केले. दोघांपैकी एकटा कोणीही या कोड्याच्या तळाशी गेला नसता. म्हणून पावसाळ्याआधी आबांच्या वस्तीतल्या छाटणीवाल्यांना बोलावून, गुडघाभर उंचीवर, हार्नेस चढवून बसवायचे ठरले आहे. आबांनी एकच अट घातली.

"पयल्यांदा काटा लावा. कुणाच्या गाठीवर किती भार हाय, ते ज्याचं त्यानं बघूदे. मग माझ्या पोरांना येगळं काय सांगाय लागनार न्हाई."